घाट, टर्बो आणि तेलाचा ताप

मे महिन्यात जोडून सुट्ट्या आल्या, की मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर खोपोली ते खंडाळा या बोरघाटाच्या चढाला एक दृश्य हमखास दिसतं. कडेला बॉनेट उघडून ठेवलेल्या गाड्या, हातात पाण्याची बाटली घेऊन इंजिनाकडे पाहत उभा असलेला चालक आणि सावली शोधत बसलेली घरची मंडळी. शेजारून जाणाऱ्याने नुकतीच टर्बो इंजिनाची गाडी घेतली असेल, तर त्याच्या मनात पाल चुकचुकते. साधी इंजिनं इथे तापतात, मग आपल्या इंजिनात तर लालबुंद होणारा टर्बो आहे. त्याचं तेल जळून जाणार नाही ना? वेगळा ऑइल कूलर बसवून घ्यावा का? पुणे, तळेगाव, चाकण भागातल्या गॅरेजांत हा प्रश्न वारंवार विचारला जातो आणि कूलरचं किट विकणारेही त्याचं उत्तर तयार ठेवून असतात.

टर्बो इंजिनाला तेल थंड राखण्याची सोय लागते, यात वाद नाही. आजच्या बहुतेक टर्बो गाड्यांत ती कारखान्यातूनच येते. घाटासाठी त्यावर आणखी एक कूलर चढवण्याची गरज मात्र नसते. शिवाय टर्बोच्या ज्या दुखण्याला लोक घाबरतात, ते दुखणं कूलरने बरं होणारं नाही. असं का, ते कळायला आधी तेलाच्या वाटेने इंजिनात एक फेरी मारावी लागेल.

टर्बोची कल्पना जुनी आहे. स्वित्झर्लंडचा अभियंता आल्फ्रेड ब्यूखी याने १९०५ साली तिचं पेटंट घेतलं. सायलेन्सरवाटे वाया जाणाऱ्या धुरात बरीच ऊर्जा शिल्लक असते. त्या धुराच्या झोतावर एक छोटं चक्र फिरवायचं, त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला हवा दाबणारं दुसरं चक्र लावायचं आणि ती दाबलेली हवा इंजिनात कोंबायची. हवा जास्त, तर इंधनही जास्त जाळता येतं आणि लहान इंजिन मोठ्याचं काम करतं. आपल्याकडे छोट्या टर्बो इंजिनांचा सुळसुळाट झाला त्याला करांची रचनाही कारण आहे. चार मीटरच्या आतल्या गाडीत पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत किंवा डिझेल इंजिन १५०० सीसीपर्यंत असेल तर कर कमी, हा नियम २००६ पासून चालत आला. मग कंपन्यांनी सीसी कमी ठेवून ताकद टर्बोकडून वसूल केली. मावळातल्या तळेगावच्या जनरल मोटर्सच्या कारखान्यातून आलेल्या शेवरोले बीट डिझेलचं इंजिन अवघं ९३६ सीसीचं, तीन सिलिंडरचं होतं आणि ते चालायचं टर्बोवर. तो कारखाना आता ह्युंदाईकडे आहे.

डिझेल इंजिनात टर्बोपाशी येणारा धूर भर ताकदीला ७०० ते ८५० अंश सेल्सिअस असतो, तर पेट्रोल इंजिनात तो ९५० ते हजारापर्यंत जातो. या आगीपासून जेमतेम काही सेंटिमीटरवर पेन्सिलीएवढ्या जाडीचा दांडा मिनिटाला दीड ते दोन लाख फेरे घेत असतो. बहुतेक गाड्यांच्या टर्बोत त्याला बॉल बेअरिंग नसतं. तो तेलाच्या पातळ पापुद्र्यावर अक्षरशः तरंगतो. पंपाने दाबून पाठवलेलं तेल एका बारीक नळीतून येतं, दांड्याभोवती पसरतं, तिथली उष्णता घेतं आणि आपल्या वजनाने खाली चेंबरमध्ये, म्हणजे ऑइल पॅनमध्ये उतरतं.

तेलाला तापवणारा टर्बो हा एकटाच नाही. त्याच्याइतकाच, कित्येकदा त्याहून मोठा वाटा पिस्टनचा असतो, हे सहसा कुणी सांगत नाही. टर्बो इंजिनात सिलिंडरमधला दाब वाढतो, जळण वाढतं आणि पिस्टनचा माथा अधिक तापतो. त्याला थंड करायला खालून तेलाच्या पिचकाऱ्या सोडलेल्या असतात. ते तेलही उष्णता घेऊन चेंबरमध्येच येतं. शिवाय क्रँकच्या बेअरिंगमध्ये घुसळून घुसळून तेल आपोआप तापतं ते वेगळंच.

हे तेल चेंबरमध्ये ९० ते ११० अंशांवर असेल तर सगळं आलबेल आहे असं समजावं. काही फोक्सवॅगन आणि स्कोडा गाड्यांच्या मीटरवर तेलाचं तापमान आकड्यात दिसतं. तिथे १०५ वाचून दचकणारे लोक मी पाहिले आहेत, पण दचकण्याचं काहीच कारण नाही. १२० सुद्धा चांगलं सिंथेटिक तेल सहज पेलतं. १३० च्या पुढे बराच वेळ राहिलं तर काळजी सुरू होते. नेहमीचं ५डब्ल्यू-३० तेल ४० अंशांना जेवढं दाट असतं, त्याच्या पाच-सहा पटींनी ते १०० अंशांना पातळ झालेलं असतं. तेवढं धरूनच इंजिन बनवलेलं असतं. १३० ला तो दाटपणा आणखी जवळपास निम्म्यावर येतो, बेअरिंगमधला पापुद्रा पातळ होतो आणि तेलाचा दाबही उतरतो. त्याच वेळी तेल हवेशी संयोग पावून बिघडू लागतं. अभियंते ढोबळमानाने धरतात, की दर दहा अंश वाढीला हा बिघाड दुप्पट वेगाने होतो. म्हणजे सतत १३० वर चालणारं तेल १०० वर चालणाऱ्या तेलाच्या आठपट वेगाने म्हातारं होतं. ऑइल कूलरची गरज या आकडेमोडीतून उभी राहते.

मग बोरघाटात तेल १३० ला पोचतं का? हे अंदाजावर सोडायची गरज नाही, हिशेब मांडता येतो.

खोपोली समुद्रसपाटीपासून साठेक मीटरवर आहे, लोणावळा सव्वासहाशेच्या आसपास. म्हणजे गाडीला साडेपाचशे मीटर वर उचलायचं आहे. माणसं-सामानासकट गाडीचं वजन दीड टन धरू. तिला एवढं उचलायला लागणारी ऊर्जा होते सुमारे ८१ लाख ज्यूल, विजेच्या भाषेत सव्वादोन युनिट. ताशी ६० किलोमीटरने पंधरा मिनिटांत चढ संपवला, तर नुसत्या चढण्यासाठी इंजिनाला सरासरी ९ किलोवॅट द्यावे लागतात. टायरची ओढ आणि वाऱ्याचा विरोध यांचे पाच किलोवॅट वर धरले, तर बेरीज होते १४ किलोवॅट, म्हणजे एकोणीस-वीस अश्वशक्ती.

चाकणच्या कारखान्यातून निघणाऱ्या टायगुन, विर्टस, स्लाव्हिया या गाड्यांमधलं एक लिटरचं टीएसआय टर्बो इंजिन ८५ किलोवॅट देऊ शकतं. म्हणजे बोरघाट चढताना ते आपल्या ताकदीचा सहावा भाग वापरतं. आता हाच हिशेब सपाटीवर, कामशेत ते तळेगाव पट्ट्यात ताशी १०० ने जाताना करून पाहा. चढ नाही, पण वारा भरपूर अडवतो. तिथेही उत्तर १४ ते १५ किलोवॅटच येतं. घाट चढणं आणि सपाटीवर शंभरने जाणं, इंजिनाच्या दृष्टीने दोन्ही जवळपास सारखंच. सपाटीवर शंभरने जाताना आपल्याला ऑइल कूलर आठवतही नाही. द्रुतगती मार्गावरचा 'मिसिंग लिंक' हा नवा रस्ता बोगदे आणि पुलांवरून अंतर सुमारे सहा किलोमीटरने कमी करतो, पण उंची तीच राहते आणि त्यामुळे नुसत्या चढण्याला लागणारी ऊर्जाही तीच राहते.

हा सरासरीचा हिशेब आहे, हे मान्य. काही तुकड्यांत चढ जास्त तीव्र आहे. कुणी तिथे ताशी १०० ने रेटली, तर मागणी पस्तीस किलोवॅटवर जाईल. तरीही इंजिन निम्म्या ताकदीवरही आलेलं नसेल, आणि हे काही मिनिटांपुरतंच असेल. चेंबरमधलं तीन-चार लिटर तेल, लोखंड आणि अॅल्युमिनियमचा जड गाभा आणि आत फिरणारा कूलंट हे सगळं तापायलाही वेळ लागतो. शिवाय वेगात असताना रेडिएटरवर वाराही तितकाच जोरात येत असतो.

या घाटात खरा घाम गाळतात ते ट्रेलर. चाळीस टनांचा ट्रेलर तोच चढ ताशी २० ने पाऊण तासात चढतो, तेव्हा त्याच्या इंजिनाला सरासरी ९५ किलोवॅट द्यावे लागतात, जवळपास १३० अश्वशक्ती. तीव्र चढाला तर ते पूर्ण ताकदीवर येतं. हे सगळं पाऊण तास, न थांबता आणि फक्त २० च्या वेगाने येणाऱ्या वाऱ्यात. म्हणून ट्रकच्या टर्बो डिझेल इंजिनांमध्ये ऑइल कूलर ही चैन समजली जात नाही. तो इंजिनाच्या अंगातच, कूलंट वाहतो त्या पोकळीला लागून बसवलेला असतो, चांगला हातभर लांब. वजन आणि वेळ या दोन गोष्टी तेलाचं तापमान ठरवतात, टर्बोचं नुसतं असणं नव्हे. बोरघाटाने हा धडा प्रत्येक पिढीच्या यंत्राला दिलेला आहे. १८३० मध्ये इथे चाकांच्या गाड्यांसाठी रस्ता झाला, १८६३ मध्ये रेल्वे चढली आणि ३७ ला १ या चढासाठी कर्जतला मागून बँकर इंजिनं जोडायची पद्धत आजही सुटलेली नाही.

टर्बो नसतानाही कूलर लागू शकतो, याचं उदाहरण आपल्या रोजच्या रस्त्यावर आहे. पुण्याच्या बजाज ऑटोची पल्सर २२० पाहा. पुढच्या चाकामागे, इंजिनासमोर एक छोटी जाळी दिसते. तोच ऑइल कूलर. त्या मोटारसायकलला टर्बो नाही. पण तिचं इंजिन हवेने थंड होणारं आहे, पाण्याचा रेडिएटर नाही, म्हणून उष्णता बाहेर काढायचं बरंचसं काम तेलाच्या वाट्याला येतं. कूलर हवा की नको, हे असं ठरतं: तेलाच्या वाट्याला किती उष्णता येते आणि ती बाहेर टाकायला दुसरी वाट आहे की नाही.

इथे एक गल्लत दूर केलेली बरी. डिझेल गाड्यांच्या मागच्या दारावर 'टर्बो' ही अक्षरं मिरवण्याचा एक काळ होता आणि त्यासोबत इंटरकूलर हा शब्दही घरोघरी पोचला. बंपरच्या जाळीमागे दिसणारा इंटरकूलर पाहून अनेक जण त्यालाच ऑइल कूलर समजतात. इंटरकूलर तेलाला शिवतही नाही. टर्बोने दाबलेली हवा तापते, तिला इंजिनात जाण्याआधी थंड करायचं काम त्याचं.

कारखान्यातून येणारा ऑइल कूलर मात्र वरून दिसत नाही, म्हणून तो नाहीच असा समज होतो. तो असतो ऑइल फिल्टरच्या मुळाशी, इंजिनाला चिकटून. सुटा करून हातात घेतला तर तळहाताएवढा अॅल्युमिनियमचा चौकोनी ठोकळा, वजनाला हलका. कडेने पाहिलं की एकावर एक रचून झाळलेल्या पातळ पत्र्यांच्या कडा दिसतात. खालच्या बाजूला चार भोकं असतात. दोन तेलाची, दोन कूलंटची, आणि प्रत्येकाभोवती रबराची रिंग. एका थरातून तेल जातं, त्याच्या वरच्या-खालच्या थरातून कूलंट. दोघांची भेट कधी होत नाही, मधला पत्रा फक्त उष्णता पलीकडे देतो. शिरूर तालुक्यातल्या रांजणगावात तयार झालेलं फियाटचं १.३ लिटरचं मल्टीजेट डिझेल इंजिन किती तरी गाड्यांत आलं. त्याच्या फिल्टरच्या घरालाच हा कूलर जोडलेला असतो. एक लिटर टीएसआयमध्येही तो आहे.

हवेऐवजी कूलंटने तेल थंड करायचं, यात मोठं शहाणपण आहे, कारण हा कूलर उलटंही काम करतो. सकाळी गाडी सुरू केली की कूलंट लवकर तापतो, तेल मागे राहतं. तेव्हा हाच ठोकळा कूलंटची ऊब तेलाला देतो. पुढे इंजिनावर भार आला की तो तेलाची जादा उष्णता कूलंटकडे सरकवतो आणि रेडिएटर ती बाहेर फेकतो. दोघांची तापमानं अशी एकमेकांना धरून राहतात. यातून आणखी एक गोष्ट निघते, आणि माझ्या मते ती सगळ्यांत महत्त्वाची आहे: अशा गाडीत तेलाचं आरोग्य रेडिएटरच्या हातात असतं. मातीने आणि किड्यांनी बुजलेली रेडिएटरची जाळी, साधं पाणी घालून घालून पातळ केलेला कूलंट, अडकलेला थर्मोस्टॅट, पूर्ण वेगाने न फिरणारा पंखा यांतलं काहीही असलं, तर कूलंटबरोबर तेलही तापणार.

घाटातल्या त्या उघड्या बॉनेटांचं मूळही बहुतेक इथेच असतं. कोंडीत गाडी ताशी पाच-दहाने सरकत असते. चढायला अशा वेळी फारशी ताकद लागत नाही, दोन-तीन किलोवॅट पुरतात. पण समोरून वारा नाही, सगळी भिस्त पंख्यावर. पुढच्या ट्रेलरचा गरम धूर आणि तापलेल्या डांबराची हवा तोच पंखा आत ओढतो. एसी चालू असेल तर त्याचा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढे बसलेला असतो आणि रेडिएटरकडे आधीच तापलेली हवा जाते. निरोगी गाडी हे सगळं सोसते. जिचा पंखा किंवा कूलंट आधीच कमजोर आहे, ती इथे उघडी पडते. हाताने गिअर बदलायच्या गाड्यांत तर कित्येकदा इंजिनाला काहीच झालेलं नसतं. चढावर गाडी क्लचवर धरून धरून क्लच जळालेला असतो आणि तो करपट वास म्हणजे इंजिन तापलं, असं समजून बॉनेट उघडलेलं असतं. अशा कोंडीत बाहेरून बसवलेला, वाऱ्यावर चालणारा ऑइल कूलर काही कामाचा नसतो, कारण तिथे वाराच नाही. उलट तो रेडिएटरच्या पुढे टांगला असेल तर रेडिएटरच्या वाट्याची हवा अडवतो. तापमानाच्या काट्याने मधली रेघ ओलांडली तर एसी बंद करणं आणि पुढच्या गाडीपासून थोडं अंतर ठेवून हवा येऊ देणं यांचा फायदा कितीतरी जास्त होतो.

आता टर्बोच्या त्या खास दुखण्याकडे येऊ.

जुन्या महामार्गाने घाट चढताना वाटेत शिंगरोबाचं मंदिर लागतं. ब्रिटिशांना घाटाची वाट दाखवणारा धनगर, अशी त्याची आख्यायिका आहे आणि तिथे क्षणभर थांबून नाणं वाहण्याची वाहनचालकांची रीत आहे. टर्बोच्या दृष्टीने हा थांबा नाजूक जागी आहे, भर चढावर. द्रुतगती मार्गाने आलेली गाडी खंडाळ्यापासून पुढे बरीचशी सपाटीवर चालते आणि लोणावळ्यात चिक्कीच्या दुकानासमोर उभी राहीपर्यंत टर्बो बराच निवलेला असतो. शिंगरोबापाशी मात्र चढ रेटत आलेली गाडी तशीच उभी राहते आणि किल्ली फिरते.

किल्ली फिरली की इंजिनाबरोबर तेलाचा पंप थांबतो. टर्बोचं धुराकडचं अंग अजून पाचशे-सहाशे अंशांवर असतं आणि ती उष्णता दांड्यावरून, घरावरून तेलाच्या भागाकडे सरकत येते. एरवी वाहतं तेल ती उचलून नेत असतं. आता तेल जागच्या जागी उभं आहे. त्या तेवढ्या थेंबांचं तापमान दोनशेच्या बरंच वर जातं आणि ते करपतं. पुऱ्या तळलेल्या कढईच्या काठाला वर्षानुवर्षं बसलेली काळी, टणक राप आठवा. तसाच थर बेअरिंगवर आणि तेलाच्या नळीत बसतो. गॅरेजमध्ये निकामी टर्बो उतरवल्यावर तेलाच्या नळीचा पोकळ बोल्ट काढून उजेडाकडे धरून पाहावा. ज्या भोकातून सुतळी सहज गेली पाहिजे तिथे सुईही जाईना, इतकं ते काळ्या खड्यांनी भरलेलं असतं. मग पुढच्या वेळी तेल कमी पोचतं, दांडा घराला घासतो, शिटीसारखा आवाज सुरू होतो आणि टर्बो बदलायचा खर्च समोर उभा राहतो.

या सगळ्यात ऑइल कूलर काय करू शकतो? काहीही नाही. तेल वाहत असेल तरच तो काम करतो, आणि इथे मुळात तेल थांबल्यामुळेच घात झालेला असतो. चेंबरमधलं तेल ९० ला असो की ११५ ला, सहाशे अंशांच्या लोखंडाशेजारी अडकलेल्या थेंबाला त्या फरकाने काही दिलासा मिळत नाही. उपाय दुसरे आहेत. पेट्रोल टर्बोच्या बेअरिंगच्या घरातून आता जवळपास सर्वत्र कूलंट खेळवलेला असतो. इंजिन बंद झाल्यावरही गरम कूलंट आपोआप वर चढतो, गार खाली येतो आणि उष्णता वाहून जाते. टीएसआयसारख्या इंजिनात त्यासाठी छोटा विजेचा पंपच दिलेला आहे. गाडी बंद करून आपण उतरलो तरी बॉनेटखालून घरघर येत राहते, ती बिघाडाची खूण नाही. पुष्कळशा छोट्या डिझेल टर्बोंना मात्र कूलंटची ही सोय नसते, त्यांची सगळी मदार तेलावर. त्यांच्यासाठी जुना शिरस्ताच खरा: रेटून आल्यावर लगेच बंद करू नये, मिनिटभर इंजिन नुसतं चालू ठेवावं. त्याहून चांगलं म्हणजे थांबायच्या आधीचा शेवटचा किलोमीटर हलक्या पायाने चालवावा. गावातल्या गावात फिरून आलेल्या गाडीला मात्र हा मिनिटभराचा उपास घडवायची गरज नाही, तिचा टर्बो तापलेलाच नसतो. आणि कंपनीने सांगितलेल्या दर्जाचं सिंथेटिक तेल वेळेवर बदलावं. करपण्याला तेच सर्वांत जास्त वेळ तोंड देतं.

तेल जास्त थंड राहणंही वाईट असतं, आणि लोणावळ्याला ही बाजू अधिक लागू पडते. इथे वर्षाला चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. जुलै-ऑगस्टमध्ये दिवसाही हवा बावीस-तेवीस अंशांची, भिजलेली. तुंगार्लीहून बाजारात जायचं, वलवणला जाऊन यायचं, दोन-तीन किलोमीटरात गाडी बंद. अशा फेऱ्यांत तेल साठ-सत्तरच्या वर जातच नाही. जळणातून तयार झालेली वाफ आणि सिलिंडरच्या भिंतीवरून गळलेलं पेट्रोल तेलात मिसळत राहतं. ते उडून जायला तेल शंभरच्या आसपास पोचावं लागतं आणि तिथे काही वेळ राहावं लागतं. ते न झाल्याने तेल भरायच्या टोपणाखाली पिवळट फेस धरतो आणि तेल नासतं. थेट पेट्रोल फवारणाऱ्या टर्बो इंजिनांत ही भेसळ अधिक होते. अशा गाडीला बंपरमागे उघड्यावर एक जादा कूलर लावला, त्यावर पावसाचं पाणी उडत राहिलं, तर हा रोग वाढेल. तिला खरी गरज आहे ती आठवड्यातून एकदा तळेगावपर्यंत मोकळ्या रस्त्याने जाऊन येण्याची.

वेगळा, हवेवर चालणारा ऑइल कूलर कुणाला लागतो, हेही सांगायला हवं. ज्यांची गाडी रेसिंग ट्रॅकवर वीस-पंचवीस मिनिटं सतत पूर्ण ताकदीवर चालते, त्यांना. तिथे मल्टीजेट काय किंवा टीएसआय काय, तेल बघता बघता १३० ओलांडतं आणि कंपनीचा ठोकळा अपुरा पडतो. ज्यांनी इंजिनाचा संगणक, म्हणजे ईसीयू, रिमॅप करून ताकद तिसऱ्या हिश्शाने वाढवली आहे आणि ती खरोखर वापरतात, त्यांनाही विचार करावा लागतो. मात्र आधी तेलाचं तापमान मोजावं, मग खर्च करावा. मीटरवर आकडा दिसत नसेल तर सेन्सर बसवता येतो आणि तो किटपेक्षा खूप स्वस्त पडतो. बसवायचंच ठरलं, तर थर्मोस्टॅट असलेलं किट घ्यावं, म्हणजे तेल ऐंशी-नव्वदच्या वर गेल्याशिवाय कूलरकडे वळत नाही. आणि नळ्या व त्यांचे जोड यांत काटकसर करू नये. कारखान्याच्या कूलरला तेलाची बाहेरची नळी नसते, म्हणून ती तुटायचा प्रश्नच येत नाही. किटमध्ये पूर्ण दाबाचं तेल दोन रबरी नळ्यांतून गाडीच्या तोंडापर्यंत जाऊन परत येतं. उडालेल्या खडीने कूलर फुटला किंवा एखादा जोड सुटला, तर चेंबर रिकामा व्हायला मिनिटही लागत नाही. तेलाच्या दाबाचा लाल दिवा लागतो आणि तो लक्षात येऊन गाडी कडेला घेईपर्यंत क्रँकचे बेअरिंग गेलेले असतात. तेल थोडं जास्त तापल्याने जेवढं नुकसान वर्षानुवर्षांत होईल, तेवढं इथे एका किलोमीटरात होतं.

कारखान्याचा कूलरही कायमचा नसतो. वर्षं गेली, की त्या चार भोकांभोवतीच्या रबरी रिंगा कडक होतात, किंवा मधल्या पत्र्याला आतून बारीक छिद्र पडतं. कूलंटऐवजी साधं, क्षाराचं पाणी वापरणाऱ्यांकडे हे लवकर घडतं. इंजिन चालू असताना तेलाचा दाब कूलंटहून जास्त असतो, म्हणून तेल कूलंटमध्ये शिरतं आणि कूलंटच्या टाकीत तपकिरी, चिकट थर दिसू लागतो. हे दिसलं की हेड गॅस्केट गेलं असा निष्कर्ष झटकन काढला जातो आणि अख्खं हेड उतरवायची तयारी सुरू होते. हेडला हात लावण्याआधी कूलर काढून तपासून घ्यायला सांगावं. त्याची कूलंटची एक वाट बंद करायची, दुसऱ्या वाटेने हवेचा दाब द्यायचा आणि ठोकळा बादलीभर पाण्यात बुडवायचा. तेलाच्या भोकांतून बुडबुडे आले तर दोष तिथेच आहे, आणि तो हेडच्या कामापेक्षा फारच थोडक्यात निस्तरतो. त्यानंतर कूलंटची सगळी वाट दोन-तीनदा धुऊन काढावी लागते आणि तेलाने फुगलेल्या रबरी नळ्या बदलाव्या लागतात. त्या तशाच ठेवल्या, तर पुढच्या उन्हाळ्यात घाटातच फुटतात.